फँटसी गेमची चित्रं: जुनी कामं तपासायची कशी आणि रोजचा दिवस लावायचा कसा

प्रश्न असा आहे: पत्त्यांच्या आणि टेबलावरच्या फँटसी गेमसाठी चित्रं काढायला लागून दोन-तीन वर्षं झाली, आता सुरुवातीची कामं बघवत नाहीत, पण नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. शिवाय या धंद्यात मुरलेले लोक दिवसभराचं काम बसवतात तरी कसं?

हे दोन प्रश्न वाटतात तितके वेगळे नाहीत. सुरुवातीच्या चित्रांतले बरेचसे दोष हात कच्चा म्हणून आलेले नसतात, निर्णय उलट्या क्रमाने घेतले म्हणून आलेले असतात. ड्रॅगनचे खवले आधी काढले, उजेड कुठून येतो ते नंतर ठरवलं. चेहऱ्यावर दोन दिवस घातले आणि चित्र केवढं छापलं जाणार हे शेवटी बघितलं. दिनक्रम लावायचा तोही याच हिशेबाने: कुठला निर्णय दिवसाच्या कुठल्या वेळी घ्यायचा.

सुरुवात छपाईच्या आकारापासून करू. मॅजिकसारख्या पत्त्यांच्या फँटसी गेमचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो. नेहमीच्या पत्त्यावर चित्राला मिळणारी चौकट साधारण सव्वापाच सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच, म्हणजे काडेपेटीच्या लेबलापेक्षा किंचित मोठी. मूळ चित्र ४० बाय ३० सेंटिमीटरच्या बोर्डवर असेल तर ते साडेसात पट लहान होऊन छापलं जाणार. दोन सेंटिमीटरचा चेहरा पत्त्यावर तिळाएवढा होतो. एक मिलिमीटरची ब्रशची रेघ ०.१३ मिलिमीटर उरते. डोळ्याच्या बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब काढत बसलेला माणूस खरं तर स्वतःच्या समाधानासाठी काम करत असतो. तेही वाईट नाही, मूळ चित्र विकताना ते कामाला येतं. पण पत्त्यावर ते पोचत नाही.

आता जुनी कामं तपासायची रीत. दहा चित्रं घ्या, त्यांत दोन-तीन तुम्हाला अजूनही आवडणारी असू द्या. प्रत्येक चित्र रंग काढून, पाच सेंटिमीटर रुंदीत, साध्या कागदावर छापा. घरच्या प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात एका ए-फोर कागदावर सगळी मावतात. कागद हाताच्या अंतरावर धरा आणि प्रत्येक चित्राकडे दोन सेकंद बघून जे दिसलं ते एका ओळीत लिहा. काय काढलं होतं ते आठवून लिहायचं नाही, डोळ्याला लागलं तेवढंच. ‘काहीतरी काळं, त्यात एक पांढरी तिरकी रेघ’ असं लिहावं लागलं तर तेच खरं. ती रेघ तलवार होती आणि काळ्यात एक पूर्ण चिलखतधारी योद्धा होता, हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

दहापैकी निम्म्या चित्रांत एकच रोग सापडेल: मुख्य आकृती आणि मागची जागा एकाच टोनमध्ये, म्हणजे सारख्याच फिक्या किंवा गडद. रंगीत असताना हे कळत नाही, कारण लाल झगा हिरव्या जंगलापुढे उठून दिसतो. पण मध्यम लाल आणि मध्यम हिरवा काळ्या-पांढऱ्यात सारखेच करडे होतात. टेबलावर पत्ता हातभर दूर पडलेला असतो, खोलीत पिवळा दिवा असतो, आणि खेळणाऱ्याने तो अर्ध्या सेकंदात ओळखायचा असतो. तिथे रंगापेक्षा टोन जास्त लांबवर पोचतो.

दुसरा रोग म्हणजे सगळीकडे सारखी मेहनत. बुटाची नाडी, पाठीमागचा बुरूज, कमरेची थैली, चेहरा, सगळं एकाच धारदारपणाने काढलेलं. बघणाऱ्याला कुठे थांबावं कळत नाही. तिसरा, स्पर्श: तलवारीचं टोक नेमकं क्षितिजाच्या रेघेवर टेकलेलं, शिंगाचं टोक चौकटीच्या कडेला चिकटलेलं, कोपर डोंगराच्या कडेशी जुळलेलं. दोन वस्तू एक तर स्पष्टपणे एकमेकींवर याव्यात, नाहीतर त्यांच्यात मोकळी जागा असावी. टेकल्या की चित्राची खोली मरते. चौथा दोष डिजिटल काम करणाऱ्यांत फार: आकृतीच्या दोन्ही कडांना उजेडाची झालर, एकीकडून निळी, दुसरीकडून केशरी. आकृती मागच्या टोनपासून सुटत नव्हती, म्हणून कडेला पांढरं लावून सोडवलेली असते. म्हणजे हा पहिल्याच रोगावरचा मलमपट्टीचा उपाय.

एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण ते जवळपास प्रत्येकाच्या जुन्या फाइलीत असतं: डोंगरावर बसलेला ड्रॅगन, जो म्हशीएवढा दिसतो. ब्रीफमध्ये, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या कामाच्या वर्णनात, ‘साठ फूट लांब’ लिहिलेलं असतं, काढणाऱ्याने त्याला खूप दात, खूप शिंगं दिलेली असतात, तरी तो म्हशीएवढाच दिसतो. कारणं मोजकी आणि दुरुस्त करण्यासारखी आहेत. डोळा डोक्याच्या मानाने फार मोठा असतो. प्राणी जेवढा अजस्र तेवढा डोळा डोक्याच्या तुलनेत लहान दिसतो, हत्तीचं डोकं आठवा. खवले मोठे आणि सगळीकडे एकाच मापाचे असतात, मोजले तर मानेवर वीसेक भरतात. मोठ्या प्राण्यावर बारीक खवल्यांचे पट्टे हवेत आणि त्यांतले नव्वद टक्के न काढता नुसते सुचवलेले हवेत: उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात खवले दिसू द्या, भर उजेडात आणि गडद सावलीत ते विरून जाऊ द्या. चित्रात ओळखीच्या मापाची एकही वस्तू नसते. एक झाड, एक दार, पळणारा एक माणूस, पायऱ्यांची एक रांग, यांतलं काहीतरी पायाशी ठेवा. आणि शेवटचं कारण हवा. एवढ्या मोठ्या शरीराचा मागचा भाग पुढच्यापेक्षा चाळीस-पन्नास फूट दूर असतो. धुकं, धूर किंवा धूळ असलेल्या हवेत शेपटीकडचे गडद टोन थोडे फिके आणि थंड व्हायला हवेत. डोकं आणि शेपूट सारख्याच काळ्याने रंगवलं की ड्रॅगन टेबलावरचं खेळणं होतो.

पंखांचं दुखणं वेगळं. पंख पाठीवर चिकटवलेले असतात, त्यांना हलवणारा स्नायू कुठेच नसतो. वटवाघळाचा पंख म्हणजे हातच, लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी. पक्ष्याच्या छातीचा स्नायू बघा आणि पंखाच्या मुळाशी तेवढं मांस द्या. चार पाय आणि शिवाय दोन पंख असतील तर दुसरी खांद्याची जोडी कुठे बसते ते आधी वेगळ्या कागदावर सोडवा, रंगवताना नाही.

आता या धंद्याच्याच सुरुवातीच्या कामांकडे बघू, कारण त्यांची मर्यादा आणि तुमची मर्यादा पुष्कळदा एकच असते. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या फँटसी गेमच्या पहिल्या हजार पेट्या निघाल्या. आतल्या पुस्तिकांमधली चित्रं एका शाईतली आणि हौशी हातांची होती. पण पाचच वर्षांत त्याच एका शाईत डेव्हिड ट्रॅम्पिअरसारख्यांनी फार पक्कं काम केलं. ट्रॅम्पिअरचं १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकाचं रंगीत मुखपृष्ठ तर आजही धडा म्हणून बघावं. त्यात लढाई नाहीच. लढाई संपलेली आहे, एका प्रचंड मूर्तीच्या डोळ्यातलं रत्न दोघं उचकटून काढताहेत, खाली सोबती मेलेल्यांची आवराआवर करताहेत. चित्राला झालेलं आणि होणारं असं दोन्हीकडे टोक आहे. नवख्या चित्रात नेमका तलवार लागण्याचा क्षण असतो, त्यामुळे बघणाऱ्याला पुढे कल्पना करायला काही उरत नाही. क्षणाच्या जरा अलीकडचं किंवा पलीकडचं काढा.

ऐंशीच्या दशकात लॅरी एल्मोर, जेफ ईझ्ली, कीथ पार्किन्सन, क्लाइड कॉल्डवेल हे तैलरंगात काम करणारे लोक डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या कंपनीत आले आणि पेट्यांची झाकणं गॅलरीतल्या चित्रांसारखी दिसू लागली. १९८३ च्या लाल पेटीवरचा एल्मोरचा लाल ड्रॅगन आणि त्याच्यापुढे शस्त्र उगारलेला योद्धा बहुतेकांनी पाहिला असेल. तिथे चित्राला सबंध झाकणाएवढी जागा होती. ऑगस्ट १९९३ मध्ये मॅजिक आलं आणि चित्र एकदम काडेपेटीएवढं झालं. पहिल्या संचाची कला-दिग्दर्शनाची बाजू जेस्पर मिर्फोर्सकडे होती. पंचवीस चित्रकार होते, त्यांतले बरेच सिॲटलच्या कॉर्निश कला महाविद्यालयाशी जोडलेले. जलरंग, ॲक्रिलिक, शाई, जो तो आपल्या माध्यमात. एकसारखी शैली ठरवून देणाऱ्या जाड मार्गदर्शिका पुढे आल्या. त्या पहिल्या पत्त्यांतली शरीररचना कितीतरी ठिकाणी डळमळीत आहे, पण पुष्कळशी चित्रं पत्ता हातभर दूर असतानाही ओळखू येतात, कारण चौकटीत एकच गोष्ट आहे. ख्रिस्तोफर रशने काढलेला काळ्या कमळाचा (ब्लॅक लोटस) पत्ता घ्या: एक फूल, बस. आजच्या नवख्याच्या चित्रात शरीररचना कितीतरी बरी असते आणि चौकटीत अकरा गोष्टी असतात. त्या दोन कच्चेपणांत मला पहिला परवडतो.

शाईच्या रेघेचं काम अजूनही बंद पडलेलं नाही. लहान प्रकाशक आतल्या पानांसाठी तेच मागतात, कारण ते स्वस्त छापतं. इथे चुका अगदी मोजून दाखवता येतात. मूळ चित्र छापील मापाच्या दीडपट काढा, दुप्पट नको. दुप्पट काढलं की ०.३ मिलिमीटरच्या पेनची रेघ ०.१५ होते आणि हॅचिंगमधली (सावलीसाठी शेजारी-शेजारी मारलेल्या रेघांमधली) ०.४ ची फट ०.२ होते. खडबडीत कागदावर शाई पसरते आणि फट बुजते. ज्याला तुम्ही सुंदर करडी सावली समजत होता तिथे काळा डाग छापून येतो. म्हणून हॅचिंगमध्ये रेघेपेक्षा फट नेहमी रुंद ठेवा, तिसरा थर टाकण्याआधी थांबा, आणि ज्या सावलीला तीन थर लागताहेत असं वाटतं ती सरळ भरीव काळी करा. स्कॅन १२०० डीपीआयला (इंचाला १२०० टिंबं), शुद्ध काळं-पांढरं. करड्या मोडमध्ये ३०० ला स्कॅन करून पाठवलं की छापखान्यात रेघेच्या कडेला टिंबांची कुसळं येतात आणि दोष शाईवर ढकलला जातो.

रंगीत कामात छपाई खाते ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, अंधार. छापताना शाईचा टिंब पसरतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा टोन गुळगुळीत कागदावर साधारण ६५ सारखा आणि खडबडीत कागदावर ७० सारखा दिसू शकतो. हे भरून काढणारं प्रोफाइल, म्हणजे फाइलचे रंग छपाईशी जुळवणारी सेटिंग, छापखाना देतो, ते मागून घ्या. पण ८५ टक्क्यांच्या पलीकडच्या गडद छटांमध्ये ठेवलेला तपशील गेलाच म्हणून समजा. फँटसीत गुहा, रात्र, काळे झगे यांचा सुकाळ, त्यामुळे नवख्यांची चित्रं सरसकट कोळशासारखी छापतात. त्यात मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवून काम केलेलं असतं. छपाईच्या कामाला मॉनिटरचा उजेड शंभर ते एकशेवीस निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास पुरे. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी खोलीच्या उजेडात पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत मॉनिटर उतरवा.

दुसरं, जादूचा उजेड. पडद्यावरचा झगझगीत निळा, पोपटी आणि जांभळा चार शाईंच्या छपाईत मिळतच नाही. निळ्याचा जांभळट होतो, पोपटी मळतो. उपाय तो रंग आणखी भडक करण्यात नाही. त्याच्या भोवतीचा वीस-तीस टक्के भाग करडा आणि गडद करा, मधोमध जवळजवळ पांढरा ठेवा आणि रंग फक्त पांढऱ्याच्या कडेच्या पट्ट्यात द्या. मेणबत्तीची ज्योत बघा: रंग कडेला असतो, गाभा फिका असतो. फॉइलच्या, म्हणजे चकचकीत चंदेरी थरावर छापलेल्या, पत्त्यावर अजून एक गंमत होते. ज्या भागाखाली पांढऱ्या शाईचा थर नाही तिथे फिका रंग म्हणजे उघडी चांदी, त्यामुळे फिका चेहरा हलवला की करडा दिसतो. त्यावर चित्रकाराला फारसं करता येत नाही. चेहऱ्याला आकार देणाऱ्या सावल्या स्पष्ट ठेवणं एवढंच हातात.

कोऱ्या ब्रीफपासून शेवटपर्यंत चौकटीच्या एका चित्राला साधारण चाळीस तास धरा. सुरुवातीला साठ लागतील. त्यातले चार तास थंबनेलना, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या छोट्या कच्च्या आराखड्यांना, द्या. थंबनेल छापील मापातच काढा, म्हणजे पाच बाय चार सेंटिमीटर, जाड मार्करने, पेन्सिलने नाही. मार्करला बारीक तपशील जमत नाही हाच त्याचा फायदा. पंधरा-वीस काढा. पहिली पाच सगळ्यांचीच सारखी येतात, ती काढून टाकण्यासाठीच असतात. तीन निवडून त्यांचे तीन टोनमधले नमुने करा, फक्त काळा, करडा आणि पांढरा. यातला एक टोन निम्म्याहून जास्त जागा व्यापणारा असावा. तिन्ही सारखे वाटले गेले की चित्र गोधडीसारखं तुकड्या-तुकड्यांचं होतं. मग चार-पाच तास रेफरन्स (बघून काढायला लागणारे फोटो आणि वस्तू), चार तास पक्कं रेखाटन, दोन तास रंगाचे छोटे नमुने, आणि उरलेले रंगवायला. नवखे लोक हे प्रमाण उलटं करतात: अर्धा तास थंबनेल, पन्नास तास रंगकाम, त्यांतले वीस तास दुरुस्ती.

रेफरन्सबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे पैसे न घालता सर्वांत मोठी सुधारणा होते. मित्राला काठी देऊन उभं करा, पण फोन दोन फुटांवर धरून फोटो काढू नका. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, पुढचा हात भोपळ्याएवढा आणि पाय काडीसारखे येतात. दोनपट झूम लावा आणि तीन मीटर मागे जा. दिवा एकच, डोक्याच्या वर आणि एका बाजूला. बाकीचे दिवे बंद. झग्यासाठी घोंगडी वापरा. ओढणी किंवा सिल्कची साडी घेतली तर घड्या बारीक आणि पुष्कळ पडतात आणि योद्ध्याने पडदा गुंडाळल्यासारखं दिसतं. घोंगडीच्या घड्या मोठ्या, जड आणि मोजक्या असतात, खांद्यावरून निघून सरळ खाली येतात. ओल्या झग्यासाठी धोतर भिजवून घ्या.

चिलखतासाठी स्वयंपाकघरात जा. स्टीलचं गोल पातेलं पालथं करून खिडकीपाशी ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. नवख्याचं चिलखत म्हणजे करड्या रंगाचा मऊ चढ-उतार, मध्ये एक पांढरा ठिपका. पातेल्यावर तसं काहीच दिसत नाही. खिडकीची एक अरुंद, वाकडी, कडक धारेची पांढरी पट्टी आहे. तिला लागूनच जवळजवळ काळा पट्टा आहे, तो खोलीच्या अंधाऱ्या भिंतीचा. खालच्या अंगाला फरशीचा किंवा ओट्याचा रंग उलटा चढलेला आहे. सगळ्यांत गडद भाग कडेला नाही, कडेच्या जरा आत आहे. अगदी कडेला पुन्हा थोडा उजेड येतो. पॉलिश केलेल्या धातूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, तो परिसर घेऊन बसतो. मग चित्रात योद्धा जळत्या गावात उभा असेल तर त्याच्या छातीवर खाली केशरी आणि वर धुराचा काळा यायलाच हवा. पातेल्यापुढे केशरी कागद धरून बघा. छातीच्या पत्र्याला पातेलं, खांद्याला वाटी, हाताच्या नळीला फुलपात्र, एवढ्यावर बहुतेक चिलखतं सुटतात. घासून मंद झालेलं जुनं लोखंड हवं असेल तर ॲल्युमिनियमचं वापरून झिजलेलं भांडं घ्या, तिथे धारा मऊ असतात.

आता दिवस. आठ-दहा तास टेबलाशी बसणारे पुष्कळ असतात, पण त्यांतले खरे निर्णय घेण्याचे तास तीन, फार तर चार. ते कुठले हे प्रत्येकाचं वेगळं, बहुतेकांचे सकाळचे. त्या तासांत थंबनेल, टोनची मांडणी, चेहरा, हात, आणि चालू चित्र सोडायचं की मोडायचं हा निर्णय. जेवणानंतर चेहऱ्याला हात लावू नये. दुपार दगडी भिंती, साखळीचं चिलखत, पानं, कातड्याचा पोत अशा कामाला ठेवा, ज्यात निर्णय झालेला आहे आणि हात चालवायचा आहे. संध्याकाळ मेल, बिलं, बोर्ड तयार करणं, ब्रश धुणं, उद्यासाठी कागद ताणून ठेवणं.

सकाळचा सराव वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. बॉलपेनने, खोडरबर न वापरता, हात किंवा घोड्याचे पाय काढा. दीड तास सराव करणारे लोक मुख्य काम टाळत असतात, सराव हा टाळाटाळीचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार आहे. पन्नास मिनिटं काम आणि दहा मिनिटं उठणं, या दहा मिनिटांत फोन नाही, कारण डोळ्याला लांबचं बघायला मिळालं पाहिजे. बोर्ड आडवा ठेवू नका, तीस-चाळीस अंशांवर उभा करा. मान तर वाचतेच, पण आडव्या बोर्डवर काढलेली आकृती उभी धरली की डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, हा दोष जुन्या चित्रांत फार सापडतो. टॅब्लेटवर काम असेल तर दर अर्ध्या तासाला चित्र उलटं-सुलटं करा. कागदावर असेल तर आरशात बघा.

दिवस संपवताना एक काम न चुकता: चित्राचा फोनवर फोटो, काळा-पांढरा, आणि तो गॅलरीतल्या छोट्या चौकोनात बघणे. बिघडलेला टोन तिथे लगेच दिसतो. तो त्या वेळी दुरुस्त करायचा नाही. वहीत लिहायचं, ‘डाव्या खांद्यामागचं आकाश फिकं’, आणि झोपायचं. रात्री अकराला केलेल्या दुरुस्त्या सकाळी पुसाव्या लागतात. तैलरंगात पुसणं म्हणजे खरवडणं.

माध्यमाप्रमाणे दिवस बदलतो. ॲक्रिलिक दहा-पंधरा मिनिटांत वाळतं आणि वाळताना एक पायरी गडद होतं, त्यामुळे टोन जुळवताना मिश्रण मुद्दाम जरा फिकं ठेवावं लागतं. ब्रश क्षणभरही कोरडा पडू द्यायचा नाही, केस धरणाऱ्या पत्र्याच्या टोपणात रंग वाळला की तो ब्रश पुन्हा टोकदार होत नाही. तैलरंगाला हार्डबोर्डवर गेसोचे (रंगाआधी द्यायचा पांढरा लेप) तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. रेखाटनावर बर्न्ट अंबरचा पातळ थर देऊन आधी नुसता उजेड-अंधार लावा. अल्किड मीडियम (रंग लवकर वाळवणारं मिश्रण) मिसळलं तर तो थर एका दिवसात वर काम करण्याइतका वाळतो, नुसत्या जवसाच्या तेलात त्याहून जास्त वेळ जातो. वरचा थर नेहमी खालच्यापेक्षा तेलकट असावा, उलटं केलं की वरचा आधी आखडतो आणि तडे जातात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा वाळण्याचा हिशेब सरळ दीडपट धरा आणि स्कॅनची तारीख त्याप्रमाणे कळवा.

जलरंगाच्या कागदाला पावसाळ्यात वेगळाच त्रास: दमट हवेत उघडा राहिलेला चांगला ३०० जीएसएम कागदही आपलं सायझिंग, म्हणजे रंग लगेच मुरू न देणारा लेप, गमावतो. पातळ रंगाचा वॉश टाकला की ठिकठिकाणी रंग टीपकागदासारखा शोषला जातो आणि गडद ठिपके उठतात. ते वरून झाकता येत नाहीत. कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवा आणि काम सुरू करण्याआधी कोपऱ्यावर साध्या पाण्याचा थेंब टाका. थेंब टिकला तर कागद ठीक, लगेच मुरला तर तो कागद थंबनेलला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कला-दिग्दर्शकाबरोबर काम असेल तर घड्याळ तुमच्या बाजूने वापरा. उन्हाळ्यात सिॲटल आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. रात्री आठला स्केच पाठवलं की तिथे सकाळचे साडेसात किंवा साडेसहा वाजलेले असतात, आणि तुम्ही उठेपर्यंत बहुधा उत्तर आलेलं असतं. म्हणून मेल संध्याकाळी हा नियम बदल सुचवणाऱ्या मेलला लागू नाही, ती सकाळी पहिली वाचा. एकाऐवजी तीन स्केचेस पाठवा, पण जे रंगवायची इच्छा नाही ते पाठवू नका, हमखास तेच निवडलं जातं. स्केच मंजूर झाल्यावर मांडणी बदलायची असेल तर आधी विचारा, नंतर नाही. टप्प्याटप्प्याच्या फाइली आणि सुटे लेयर जपून ठेवा, चित्र एआयने नाही, माणसाने केलेलं आहे हे दाखवायला आता ग्राहक ते मागतात. करारात दोन ओळी शोधा: छापण्याचे हक्क कोणाचे, आणि मूळ बोर्ड कोणाचा. मॅजिकसारख्या गेमसाठी हाताने रंगवणाऱ्यांकडे मूळ चित्र राहतं, आणि लोकप्रिय पत्त्याच्या मूळ चित्राची किंमत कामाच्या मोबदल्याच्या कितीतरी पट होऊ शकते. डिजिटल काम करणाऱ्याला ही दुसरी कमाई नाही, म्हणून काही जण आजही मुद्दाम तैलरंग धरून आहेत.

राहता राहिलं त्या जुन्या ढिगाचं काय करायचं. जुनं चित्र दुरुस्त करत बसू नका, त्यात आठवडा जातो आणि खालची मांडणी तीच राहते. त्याऐवजी महिन्यातून एकदा एक जुनं ब्रीफ घ्या आणि तासाभरात त्याची फक्त नवी थंबनेल्स काढा, जुनं चित्र न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवा. पोर्टफोलिओत दहा-बारा चित्रं पुरेत. तेरावं कमजोर चित्र बाकीच्या बाराला खाली ओढतं, कारण कला-दिग्दर्शक तुमची खालची पातळी बघत असतो, ती त्याला डेडलाइनच्या दिवशी मिळणार असते. पण पोर्टफोलिओतून काढलेलं घरातून काढू नका. कागदावरची कामं लॅमिनेट करायची नाहीत, दोन चित्रांमध्ये ॲसिड-फ्री कागद घालून आडवी ठेवायची, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा काढून वारा द्यायचा. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख, लागलेले तास आणि छापील माप लिहा. शाईने नाही, शाई पुढच्या बाजूला उमटते.